मान वळवून बसलेलं कासव

दिवाळी अंकात रागावून लिहू नये, असं माझ्या धाकट्या बहिणीचं मत आहे. वाचक फराळाची बशी मांडीवर घेऊन बसलेला असतो, त्याच्या तोंडाची चव घालवू नये, असं ती म्हणते. मी तिला म्हटलं, मग त्याने बशी जरा बाजूला ठेवावी. एवढं वाचून झालं की उचलावी.

मी नाशिकच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे. खडक, खनिजं, नकाशे, सगळंच शिकवलं, पण माझा जीव अडकला होता तो दगड झालेल्या कासवांत. हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, म्हणजे डायनोसॉर का? डायनोसॉर नव्हे. डायनोसॉर मेले म्हणून प्रसिद्ध झाले. कासवं जगली, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही.

लग्नात डॉक्टर भेटला की लोक जसे आपले गुडघे पुढे करतात, तसे भूशास्त्राच्या बाईंकडे दगड घेऊन येतात. माझ्याकडे बहुतेक जण डायनोसॉरचं अंडं घेऊन येत. आपल्याकडचा काळा कातळ उन्हापावसात झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि आतून गोल गोटा निघतो. तो गोटा पिशवीतून, गोणीतून, एकदा तर बाळाच्या दुपट्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आलेला आहे. अंडं नाही म्हटलं की माणसं चिडतात. एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्या मॅडमना दाखवीन. दाखवा म्हटलं.

एकदा पोलिसांनी बोलावलं. ठाण्यात प्लास्टिकच्या टबात एक जिवंत कासव होतं आणि बाकावर ते विकायला निघालेली माणसं बसली होती. ज्याला वीस नखं असतील ते कासव पूजेला बसवलं की पैशांचा पाऊस पडतो, अशी एक समजूत आहे. तिच्यापायी बिचारी कासवं पिशव्यांतून गावोगाव हिंडत असतात. ते कोणत्या जातीचं आहे एवढं पंचनाम्यासाठी पोलिसांना माझ्याकडून हवं होतं. मी जात सांगितली, वनखात्याचे लोक येईपर्यंत ते सावलीत ठेवा म्हणून सांगितलं. निघताना साहेब मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, नखं मोजलीत का?" मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "नाही, आपलं सहज."

तेव्हा मी हसले होते. आता हसायला येत नाही.

कासव ही काय चीज आहे, ते आधी थोडक्यात सांगते. तुमच्या पाठीवरचं खांद्याचं हाड चाचपून पाहा. ते बरगड्यांच्या बाहेर आहे. गाय, पाल, कावळा, कोणाचंही घ्या, असंच असतं. एकट्या कासवाचं ते बरगड्यांच्या आत आहे. बरगड्याच रुंद झाल्या, एकमेकींना जुळल्या, त्यांचं कवच झालं आणि खांदा घरात राहिला. हे एका दिवसात घडलेलं नाही. फार जुन्या जीवाश्मांत पोटाचं कवच पुरतं दिसतं आणि पाठीचं अजून व्हायचं असतं. असा उलटापालटा देह करून घेतलेला दुसरा प्राणी पृथ्वीवर नाही.

आणि मान. आज आपल्या नद्यांत जी कासवं आहेत ती मान सरळ मागे ओढून घेतात. दुसरी एक शाखा आहे, ती मान आडवी दुमडून कवचाच्या कडेखाली घेते, पक्षी झोपताना पंखात तोंड घालतो तशी. ही आडव्या मानेची कासवं आज दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, मादागास्करात आणि ऑस्ट्रेलियात आहेत. भारतात एकही नाही. पण एकेकाळी होती. आपला भूखंड मादागास्करपासून तुटून वर सरकत होता, त्यावर लाव्हाचे पूर येत होते, त्या सगळ्यात ह्या कासवांनी कसं निभावलं आणि पुढे ती कुठे गेली, ह्या प्रश्नात माझी उमेदीची वर्षं गेली.

नाशिकभोवतीचे डोंगर म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. लाव्हात काही टिकत नाही. पण एक लाव्हा थंड झाला की पुढचा येईपर्यंत बराच काळ जाई. मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचे, तळं होई, गोगलगायी येत, मासे येत, कासवं येत. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी. त्या तळ्याचा गाळ दोन काळ्या थरांच्या मध्ये भुरकट पट्टी होऊन राहतो. विदर्भाकडे अशा पट्ट्या पुष्कळ आहेत. आमच्या बाजूला शोधून शोधून माणूस म्हातारा होतो. मी झाले.

चांदवडजवळच्या एका खडी क्रशरवर सलीमभाई सुरुंगाचं काम बघतात. मी मुलांना घेऊन त्यांच्या खदानीत जायची, तेव्हापासूनची ओळख. भुरकी पट्टी दिसली तर कळवा, असं मी त्यांना दर वेळी सांगत असे आणि ते दर वेळी हो म्हणत. गेल्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, त्यांचा फोन आला. पट्टी निघाली होती. एवढंच नव्हे, तिच्यातून एक कासव निघालं होतं.

"पन मॅडम, तुमी रागवू नका," ते म्हणाले. "ते मालकानं देऊन टाकलं."

कोणाला, तर राजाभाऊंना. राजाभाऊ हे कांद्याचे मोठे व्यापारी. गंगापूर रोडच्या बाजूला त्यांच्या नव्या बंगल्याचं काम निघालं होतं, त्यासाठी दगड बघायला ते क्रशरवर आले होते. समोर कासव पडलेलं दिसलं तेव्हा त्यांनी चपला काढल्या, असं सलीमभाईंनी सांगितलं. मालकाने ते त्यांना भेट देऊन टाकलं, पेढ्याचा पुडा द्यावा तसं.

मी त्याच दिवशी खदानीवर गेले. पट्टी कमरेएवढी होती. तिच्यात नखाएवढ्या गोगलगायी होत्या आणि कासवाच्या कवचाचे बारीक तुकडे. मी गुडघ्यांवर बसले आणि हाताला लागेल ते वेचत राहिले. मागे डंपर भरत होते. ह्या पट्टीला थोडे दिवस हात लावू नका, असं मी मालकाला विनवलं. तो म्हणाला, सगळा डोंगरच तुमच्या नावावर करतो की, मॅडम. आणि हसला. दुपारी सुरुंग उडाला. त्या तळ्याचा निम्मा काठ खडी होऊन कुठल्यातरी रस्त्यावर गेला.

मग मी फोन केले. ज्या ज्या कचेरीत केले तिथे हे आमच्या अखत्यारीत येत नाही, असं ऐकायला मिळालं. जुन्या मूर्तीसाठी कायदा आहे, जिवंत कासवासाठी आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या कासवाचा विचार करायला कोणाला वेळ झालेला नाही. एका साहेबांनी मला विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

राजाभाऊंना कसं गाठावं ह्या विचारात मी होते, तर तेच माझ्या दारात उभे राहिले. कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. मागे ड्रायव्हर आणि आणखी एक माणूस, दोघांच्या हातात मिळून लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड. त्यांनी ते माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि राजाभाऊंनी कापड बाजूला केलं.

मी खुर्चीवर बसले.

मोठ्या परातीएवढं कवच. पाठीवर तावदानांसारखी जुळलेली हाडं, त्यांच्यामधल्या शिवणी शाबूत. एका बाजूची कड फुटलेली, पण पुढचा भाग गाळाच्या दगडात तसाच दबलेला, आणि त्या दगडातून कडेखाली एक तपकिरी मणी बाहेर डोकावत होता. मणी म्हणजे मानेचं हाड. कासवाचं कवच सापडतं. मान सापडत नाही. मरून पडलं की मान आणि डोकं आधी गळून जातं. कवचाला लागून, जागच्या जागी असलेली मान मी आयुष्यात पुस्तकांतच पाहिली होती.

त्या कवचावर तेल चोपडलं होतं. हळदकुंकू होतं. शिवणींत तांदळाचे दाणे अडकले होते. तेल दगडात मुरतं आणि मग कुठल्याही उपायाने निघत नाही. मी हे बोलले, जरा मोठ्या आवाजात बोलले. राजाभाऊ नम्रपणे म्हणाले, अभिषेक तर अजून व्हायचाय.

त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की हे ओरिजिनल आहे आणि किती वर्षांचं आहे. त्यांचे एक वास्तुवाले सर होते. घराच्या पायात कूर्मशिला, म्हणजे दगडाचं कासव, पुरतात. ती कोणी घडवलेली असते. ही तर आपोआप झालेली, स्वयंभू. असा योग कोणाच्या नशिबात नसतो, असं सरांनी सांगितलं होतं. पायाचा खड्डा तयार होता. वर काँक्रीट पडणार होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. हे काय आहे, का एकमेव आहे. हे मला द्या, मी ह्याचा साचा काढून हुबेहूब दुसरं करून देते, ते पायात घाला, कोणाला फरक कळणार नाही, असंही सांगितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "पायात डुप्लिकेट घालू?"

ते दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. कॉलेजला काचेचं कपाट देतो म्हणाले, वडिलांच्या नावाने. कपाटात काय ठेवू, विचारलं तर म्हणाले, ठेवा की काहीतरी. शेवटी फार विनवण्यांनंतर एका गोष्टीला कबूल झाले. पायाभरणीचा मुहूर्त व्हायचा होता. तोवर कासव त्यांच्या मखमलाबादच्या जुन्या घरी राहील, तिथे येऊन मी हवं तेवढं बघावं.

तर मी रोज जाऊ लागले. ओटीवर सतरंजी, तिच्यावर वाळूच्या पिशव्या, त्यांच्यावर कासव, आणि मी शेजारी मांडी घालून. ह्या कामाची खास अवजारं परदेशातून येतात. माझ्याकडे दाताच्या डॉक्टरांची जुनी हत्यारं आहेत. भिंग लावायचं, सुईच्या टोकाने हाडालगतचा दगड कणाकणाने सोडवायचा, ब्रशने झाडायचा, हाड ठिसूळ असेल तिथे पातळ डिंकासारखं रसायन सोडायचं, वाळू द्यायचं, पुन्हा सुई. हाड आणि दगड ह्यांचा रंग जवळजवळ सारखा. घाईत सुई घसरली की हाड गेलं.

समोर खुर्चीत राजाभाऊंच्या आई बसून असत. सगळे त्यांना माई म्हणत. ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या, नजर मात्र लख्ख. नवा बंगला त्यांच्याच नावाने चालला होता. पहिले काही दिवस त्या नुसत्या बघत. मग विचारू लागल्या. हे काय खायचं? मी त्यांना त्या बारीक गोगलगायी दाखवल्या. अंडी घालायचं का? घालायचं, काठावरच्या मातीत उकरून. पिल्लं एकटी पाण्याकडे जायची. आई वळून बघत नाही.

इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला तीस वर्षांत मिळाला नव्हता. मीही मग हात आखडता घेतला नाही. लाव्हा थंड झाल्यावर तळं कसं झालं, काठाला काय उगवलं, पाण्यात काय होतं, सगळं सांगितलं. सांगता सांगता सुई चालू होती. मणी एकाचे दोन झाले, दोनाचे चार. आणि एका सकाळी मला दिसलं, की मान सरळ आत जात नाहीये. ती वळली आहे. कडेखालून आडवी वळून डाव्या खांद्याशी गेली आहे आणि तिच्या टोकाला, अजून दगडात, काहीतरी गोलसर आहे. डोकं.

मी सुई खाली ठेवली. मला कोणालातरी सांगायचं होतं आणि समोर माई होत्या. त्यांना हाताला धरून खाली बसवलं, भिंग दिलं, दाखवलं.

त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे डोकं आत घेऊन बसलंय."

मी हो म्हणाले.

"भ्यालं व्हतं का?"

असं सांगता येत नाही, हे मला माहीत होतं. मेल्यावर गाळाच्या दाबानेही मान तशी वळू शकते. पण मी तेव्हा काय म्हणाले, तर असेलही, माई.

संध्याकाळी राजाभाऊ आले तेव्हा माई त्यांना माझ्यासमोर म्हणाल्या, की ह्या जिवाच्या डोक्यावर माझं घर नको. राजाभाऊंनी सरांचं नाव काढलं. माईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. राजाभाऊ आईचा शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, ठीक आहे मॅडम, पायात नाही घालत.

मी त्या रात्री बहिणीला फोन करून सांगितलं, की कासव वाचलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन फोमच्या गाद्या घेतल्या, एक टेम्पो ठरवला. दोन दिवसांनी टेम्पो घेऊन मखमलाबादला गेले. ओटीवर सतरंजी होती. वाळूच्या पिशव्या होत्या. कासव नव्हतं.

राजाभाऊ बाहेर आले, बसा म्हणाले, आत चहा सांगितला. मी उभीच राहिले आणि कासव कुठे आहे ते विचारलं. ते म्हणाले, काल गंगेत सोडलं.

नाशिकची माणसं गोदावरीला गंगा म्हणतात. त्यांनी ते गंगापूर धरणाच्या फुगवट्यात नेलं होतं. कोळ्याची होडी घेतली, माई स्वतः गेल्या, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला आणि मध्यावर नेऊन पाण्यात सोडलं. वास्तुवाल्या सरांनीही संमती दिली होती. माझ्या सुईने पुढची बाजू मोकळी झालेली पाहून ते म्हणाले होते, की शिला आता खंडित झाली, खंडित मूर्ती पाण्यात सोडायची असते.

"तुमीच म्हणाला होतात ना मॅडम, पायात घालू नका," राजाभाऊ म्हणाले. "नाय घातलं."

"मी मला द्या म्हणाले होते."

"ते म्हणालात. पन आईपुढं माझं काय चालतं?"

मी आयुष्यभर वर्गात आवाज न चढवणारी बाई म्हणून ओळखली गेले. त्या दिवशी त्या ओटीवर मी जे ओरडले ते शेजारच्या मळ्यातली माणसं काम थांबवून ऐकत होती. मी म्हणाले, पुरावा होता तो. ही नवी जात इथे जगली ह्याचा जगातला एकमेव पुरावा होता आणि तो तुम्ही दहीभात घालून बुडवलात. राजाभाऊ खरोखरच गोंधळले होते. मला शांत करायला म्हणून ते म्हणाले, तसली कासवं अजून निघतील की, डोंगर केवढा मोठा आहे.

त्यांच्या ड्रायव्हरला घेऊन मी तशीच धरणावर गेले. ज्याची होडी होती तो कोळी सापडला. कुठे सोडलं, विचारलं तर त्याने हात लांब करून अर्ध्या पाण्यावरून फिरवला, इथंच कुठं तरी. बुडालेल्या माणसांना काढणारी पोरं असतात, त्यांना बोलावलं. ती बिचारी पुन्हा पुन्हा खाली गेली. खाली गाळ आहे, ताई, म्हणाली, हात कोपरापर्यंत जातो आणि काही लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा मी पुन्हा गेले. भेगाळलेल्या गाळातून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. पाणी तिथून पुढेही पुष्कळ होतं.

फोटो आहेत ना, असं लोक विचारतात. आहेत. मापंही आहेत. त्यांचा उपयोग नाही. नव्या प्राण्याला नाव द्यायचं तर तो नमुना अशा जागी ठेवलेला असावा लागतो, जिथे जगातला कोणीही जाऊन तुमचं म्हणणं तपासू शकेल. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये, हाच ह्या शास्त्राचा पाया आहे, आणि तो योग्य आहे. त्यामुळे त्या कासवाला नाव नाही. डोकं तर मी पाहिलंही नाही. डोक्यावरून कळलं असतं, की ह्याचे भाऊबंद मादागास्करात होते की दक्षिण अमेरिकेत. ते आता धरणातल्या गाळाला माहीत.

कहर म्हणजे ह्याची बातमी आली. कोट्यवधी वर्षांनी कासव पुन्हा पाण्यात, असा मथळा, खाली हात जोडलेले राजाभाऊ. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ती मला फुलांच्या चित्रांसकट पाठवली. किती सुंदर, मॅडम. मी एकेकाला उत्तर दिलं. ते पाणी त्याचं नव्हे. त्याचं तळं लाव्हाखाली गेलं, आणि जे उरलं होतं ते क्रशरमध्ये गेलं. हे धरण आहे, तुमच्या-माझ्या नळाला पाणी येतं ते.

माईंकडे मी बऱ्याच दिवसांनी गेले. त्यांनी निरोप पाठवला होता, पण मी निरोपासाठी गेले नाही. मनात साचलेलं बोलायला गेले. त्या त्याच खुर्चीत होत्या. नव्या बंगल्याचा स्लॅब पडला होता, त्यांना तिथे जायची काही घाई दिसली नाही.

मी बसल्या बसल्या विचारलं, "माई, माझ्याकडे का नाही दिलंत?"

त्यांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, "तुमी सुई घिऊन त्याची मान खरवडत व्हता, बाई. रोज बघत व्हते मी. वाटलं, ह्या काय त्याला सोडायच्या नाय. फोडून बघतील."

मला हे सुचलंच नव्हतं. त्यांना घराची भीती नव्हती वाटली. माझी वाटली होती.

मी त्यांना समजावू लागले. ते जिवंत नव्हतं, त्याला दुखत नव्हतं, सुईने मी त्याला दगडातून मोकळं करत होते. मान आडवी का आहे, त्यावरून काय कळतं, समुद्रापलीकडचे त्याचे नातेवाईक, सगळं. माई ऐकत होत्या, पूर्वी ऐकायच्या तशाच. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही ते नेऊन ठेवणार कुठे होतात?

ह्यावर मी खोटं बोलू शकले असते. कॉलेजच्या संग्रहात, असं म्हणता आलं असतं. पण कॉलेजात आता तो विभागच नाही. मुलं येत नाहीत म्हणून बंद केला. संग्रहाच्या खोलीत परीक्षेचे कोरे पेपर ठेवतात. खोली रिकामी करा असा निरोप आला तेव्हा नमुने भंगारात जाऊ नयेत म्हणून मी ते पत्र्याच्या ट्रंकांत भरून घरी आणले. फ्लॅटमध्ये मावले नाहीत, म्हणून ते खाली आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यात, ताडपत्री घालून ठेवलेले आहेत. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत कासव यथावकाश गेलंही असतं. पण त्या दिवशी टेम्पो ह्या पार्किंगमध्येच जाणार होता. मी माईंना तसंच सांगितलं.

"गाड्यांच्यात?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले.

सुनेने चहा आणला. तो मी प्यायले आणि उठले.

राजाभाऊंवर मी रागावले, वास्तुवाल्यावर रागावले, खदानमालकावर, बातमी देणाऱ्यावर, फोनवरच्या साहेबांवर. सगळ्यांवरचा राग योग्य होता, आजही आहे. पण त्या म्हातारीच्या प्रश्नावर मला रागावता येईना. तिने कासवाला तिच्या समजुतीप्रमाणे एक जागा तरी दिली होती. शिकल्यासवरल्या शहराने ठेवली नव्हती.

मी तिथून घरी न जाता तडक कॉलेजात गेले. प्राचार्य नवे आहेत, त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं आणि खोली परत मागितली. कोणासाठी, त्यांनी विचारलं. कासवांसाठी म्हणाले. ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी निकाल लागू द्या, मग बघू, असं सांगितलं. निकाल लागले. मग प्रवेश होऊ द्या म्हणाले. प्रवेश झाले.

आता मी दर सोमवारी जाते. त्यांच्या केबिनबाहेर बाक आहे, त्यावर बसते. सोबत पर्समध्ये खदानीत वेचलेले कवचाचे तुकडे असतात. कोणी विचारलं तर दाखवते, आणि थांबून बघणारी मुलं असतात, नाहीत असं नाही. साहेब मागच्या दाराने जातात, असा मला संशय आहे. शिपाई जुना आहे, पाणी आणून देतो. येणाऱ्याचं नाव आणि काम लिहून घ्यायचा नियम झालाय, म्हणून तो दर वेळी संकोचून विचारतो, "मॅडम, काम काय म्हणून लिहू?"

मी सांगते, "राग आहे म्हणून लिहा."

तो लिहितो.